सपाटीचं डिफरन्शियल

नागपूर, धंतोली
२१ ऑगस्ट १९६५

भाऊजी,

पत्राच्या डोक्यावर वडीलधाऱ्यांना जे काही घालायचं असतं ते घातलं असं समजा. आज मला घाई आहे.

ताईचं पत्र आलं. चार पानं, आणि त्यातली तीन लिंबाच्या लोणच्यावर. सही झाल्यावर कोपऱ्यात आडव्या ओळीत लिहिलंय, ‘डॉक्टर म्हणतात पोटात गाठ आहे, तू मात्र लोणचं उन्हात ठेवायला विसरू नको.’ माझी बहीण अशीच आहे. हिच्या घराला आग लागली तर ही आधी शेजाऱ्यांना चहा विचारेल.

तुम्ही पाठवलेला सिव्हिल लाइन्सच्या डॉक्टरांचा कागद मी इथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवला. किरणांचा इलाज होईल म्हणाले, पण ताबडतोब. गाठ अजून एका जागी आहे. पसरली तर किरणांचाही उपयोग नाही. मी विचारलं, “ताबडतोब म्हणजे केव्हा?” ते म्हणाले, “पेशंट कुठे आहे?” म्हटलं, जबलपूरला. “मग उशीर होऊन राहिला आहे,” म्हणाले, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

तेव्हा आता विचार करू नका. मिळेल त्या रेल्वेत तिला बसवा आणि आणा. माझी मधली खोली रिकामी केली आहे. दिवाकर स्टेशनवर येतील. दिवाकर म्हणजे तुमचे साडू. लग्नाला बारा वर्षं झाली तरी तुम्ही त्यांना अजून ‘ते मुनसिपाल्टीवाले’ म्हणता, म्हणून नाव लिहिलं.

तुमची,
वसुधा

*

जबलपूर
२८ ऑगस्ट १९६५

चि. वसुधास,

भांडायला निघालेल्या माणसाला आशीर्वाद द्यावेत की नाही ठाऊक नाही. देऊन ठेवतो, उरले तर परत पाठव.

रेल्वेत बसवा म्हणतेस. या लाइनीवर तू शेवटची कधी बसली होतीस? गोंदियापर्यंत ती छोटी गाडी. नैनपूर सोडलं की डबा असा झुलतो की धडधाकट माणूस पोट धरून उतरतो. हेमलताला टांग्यातून बड्या फुहाऱ्याच्या चौकापर्यंत नेलं तरी ती ओठ आवळून बसते. धक्का बसला की कळ निघते. आणि गोंदियाला गाडी बदलायची. तिथे हल्ली प्लॅटफॉर्मवर फलटणीच पथाऱ्या टाकून असतात, आणि मोठ्या लाइनीच्या गाडीत लोक खिडकीतून आत शिरतात. तुझ्या ताईला खिडकीतून आत टाकू?

म्हणून मी तिला मोटारीने आणणार आहे. हसून घे. आमची ऑस्टिन म्हातारी असेल, पण मागची सीट पलंगासारखी आहे. अडचण एकच, आणि तू शाळेत गणित शिकवतेस म्हणून तुला ती सांगता येते. ही गाडी आधी पचमढीच्या एका ठेकेदाराची होती. डोंगर चढायला म्हणून त्याने मागच्या धुऱ्यात पहाडी डिफरन्शियल बसवून घेतलं. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला दातेरी चक्रांचा गोळा. इंजिनाची फिरकी तिथून चाकांना मिळते. आमच्या गाडीत इंजिनाने साडेपाच फेरे मारावे तेव्हा कुठे चाक एकदा फिरतं. चढावर हे फार उत्तम. पण सपाट सडकेवर काटा तिशीच्या वर गेला की इंजिन किंचाळतं, फरशी थरथरते आणि बसणाऱ्याचं हाड न् हाड वाजतं. त्याऐवजी सव्वाचार फेऱ्यांचं, सपाटीचं डिफरन्शियल बसवलं, की तीच गाडी त्याच वेगात मांजरीसारखी घुरघुरत जाईल. हेमलता नागपूरपर्यंत झोपून येईल.

राहिली रजा. आमच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात सगळ्यांच्या रजा बंद आहेत. माणूस वारला तर मिळते. आजारी चालत नाही. साहेबांना म्हटलं, बायको फार आजारी आहे. म्हणाले, “मुरलीधरजी, आजकल तो देश भी बीमार है.” देशाला किरण कुठे देतात तेही विचारणार होतो, पण साहेबांचा चहा आला.

डिफरन्शियल शोधून राहिलो आहे. मिळालं की कळवतो.

मुरलीधर

*

नागपूर
९ सप्टेंबर १९६५

भाऊजी,

रेडिओवर लढाई सुरू झाली आणि त्याच दिवशी तुमचं पत्र हातात पडलं. रेडिओवरचं निदान समजलं तरी.

मी तुम्हाला बाईला आणायला सांगितलं, तुम्ही मला इंजिनाचे फेरे मोजून पाठवलेत. तुम्हाला मूल नाही म्हणून मोटार आहे, असं मी एकदा म्हटलं होतं आणि ताई माझ्याशी महिनाभर बोलली नव्हती. आता पुन्हा म्हणते, आणि या वेळी तिने वर्षभर अबोला धरला तरी चालेल. फक्त माझ्या मधल्या खोलीत बसून धरू दे.

गाडीने आणायचं तर आहे तशी आणा. किंचाळली तर किंचाळू दे. नाहीतर मी इथून टॅक्सी पाठवते. दिवाकर विचारतात, मध्ये कुरईचा घाट आहे, त्याचा विचार केला आहे का? मी त्यांना म्हटलं, भाऊजी विचार करण्यात कधी कमी पडले नाहीत, तीच तर पंचाईत आहे.

डॉक्टरांकडे पुन्हा गेले होते. त्यांनी मला ओळखलं आणि काही न विचारता मान हलवली.

वसुधा

*

जबलपूर
१६ सप्टेंबर १९६५

चि. वसुधा,

तुझा राग पोचला. लढाईमुळे टपाल उशिरा येतं, पण राग ताजा होता.

आधी टॅक्सीचं. हेमलता नको म्हणते. परक्या ड्रायव्हरसमोर कण्हायची लाज वाटते म्हणाली, आणि कण्हल्याशिवाय एवढा रस्ता होणार नाही. मग मी काय बोलू?

इकडची हकीकत अशी. साहेबांनी बंगल्याच्या बागेत खंदक खणून घेतला. त्यात पाणी साचलं, डास झाले आणि साहेबांच्या घरात मलेरिया शिरला. शत्रू अजून अमृतसरच्या अलीकडे आलेला नाही. मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग फासायचा हुकूम आहे, त्यामुळे आमची ऑस्टिन झोपेत असल्यासारखी दिसते. रविवारही कारखान्याने घेतला. तोफगाड्यांची चाकं ढिगाने येतात आणि प्रत्येकावर माझी सही लागते. मी सही केली नाही तर तोफ जागची हलत नाही. घरी मात्र माझ्या सहीने कोणी कूसही बदलत नाही.

तरी डिफरन्शियल मिळालं! मझौलीला एका मालगुजाराच्या गोठ्यात आपल्यासारखीच ऑस्टिन मरून पडली होती. मागच्या सीटवर कोंबड्यांचा संसार होता. हनीफ मिस्त्रीने आणि मी तिच्या पोटातून आख्खा गोळा काढला, आणि तो सपाटीचाच निघाला. मालगुजार म्हणाले, “ले जाओ, पंडितजी, मुर्गियों को इसका क्या काम.”

आता काम सकाळी ड्युटीच्या आधी करतो, कारण संध्याकाळी अंधार पाळायचा. दोन चक्रांचे दात एकमेकांवर बरोबर बसतात की नाही ते बघायला त्यांना लाल लेप लावून फिरवावं लागतं. जिथे दात घासतो तिथला रंग जातो. कारखान्यात त्या लेपाचे डबे पडलेत, पण या दिवसांत बोटभर बाहेर नेला तरी देशद्रोह. हेमलता आतून पडल्या पडल्या म्हणाली, “शेंदूर नाही चालत का?” अगं, तोच पदार्थ! मारुतीपुढची डबी घेतली, तेलात कालवला. हनीफ हात मागे घेऊन उभा. “बजरंगबली का है, बाबूजी. पहले आप लगाओ, फिर दाँत मैं देखूँगा.” मी लावला, त्याने बघितले. दात जरा टोकावर बसत होते. कागदाएवढ्या पातळ चकत्या घालून पुन्हा जुळवलं. पुन्हा टोकावर. मी पुन्हा उघडायला लावलं. हनीफ वैतागला. “बाबूजी, तोप थोड़ी है, गाड़ी है.” मी म्हटलं, तोफ असती तर एव्हाना पास केली असती.

साडूंना सांग, कुरईचा घाट आपल्या बाजूने जाताना उतार आहे. बरगीपुढचा चढ तेवढा पहिल्या गिअरमध्ये काढू. जुना पहाडी गोळा पचमढीचा एक टॅक्सीवाला हनीफकडून घेऊन गेला. आपल्याला आता त्याचं काय काम?

मुरलीधर

*

जबलपूर
२० सप्टेंबर

वसू,

हे पत्र शेजारच्या कुंदाजवळ टाकायला देऊन राहिली आहे. यांना माहीत नाही. तू पण सांगू नको. उत्तर पण देऊ नको, टपाल हेच घेतात.

तुझी पत्रं हे मला वाचून दाखवतात. रागाची वाक्यं गाळून वाचतात, पण गाळताना थांबतात ना, त्यावरून मला समजतं कुठे काय असेल ते. तू त्यांच्यावर चिडू नको. मोटारीचं मीच काढलं. ते तर पहिल्याच दिवशी रेल्वेने न्यायला निघाले होते. रजा नाही म्हणाले तर नोकरी सोडतो म्हणून कागद लिहून बसले होते. मीच म्हटलं, मी रेल्वेने मेली तरी येणार नाही, मोटारीने नेत असाल तर न्या, पण ती फार हलते, तिचं काही करा आधी.

खरं सांगू? एवढी नव्हती हलत.

काहून असं केलं म्हणशील. वसू, हे उशाशी बसले की माझ्या तोंडाकडे बघतात. कारखान्यात चाक बघत असतील ना, तसे. पाणी देतात आणि बघतात. मी रोज त्यांच्या डोळ्यांत नापास होऊन राहिली. मला ते सोसवत नाही, गाठ सोसवते. आता सकाळी अंगणात गाडीखाली असतात. खिडकीतून नुसते पाय दिसतात. हनीफभैयाशी भांडतात, मधेच गुणगुणतात. लग्न झालं तेव्हा गुणगुणायचे तसे. ते ऐकू येतं तेव्हा मला झोप लागते.

इलाजाने मी बरी होईन असं मला नाही वाटत. आईचं कसं झालं तू बघितलं नाहीस, तू तेव्हा लहान होतीस. मी बघितलं. महिने गेले इलाजात आणि शेवटी तिला घर ओळखू येईना. तेव्हा थोडे दिवस असे जाऊ दे. मग येते मी. तुझ्यासाठी येते.

लोणच्याला मीठ कमी वाटलं तर घाल.

ताई

*

नागपूर
२९ सप्टेंबर १९६५

भाऊजी,

लढाई थांबली. देशाला जमलं, आता आपणही थांबवू.

मागच्या पत्रांत मी तुम्हाला पुष्कळ बोलले. त्यातलं निम्मं परत घेते. मोटारीने आणायचं हेच ठीक आहे. गणित मी पुन्हा करून पाहिलं. तुम्हाला गाडीखाली काम करताना ताईला खिडकीतून दिसेल असं बसता येतं का? तसं बसत जा. आणि काम करताना बोलत असाल, गुणगुणत असाल, तर ते चालू ठेवा. आजारी माणसाला बरं वाटतं असं कुठेसं वाचलं.

पण भाऊजी, आता चकत्या घालणं पुरे. दात टोकावर बसले तर बसू दे. मी तुम्हाला शब्दात पकडत नाही, हात जोडते. दसऱ्याच्या पलीकडे एक दिवस नको. ताईला हे असंच वाचून दाखवा, काहीही न गाळता. तिला म्हणावं, वसू हात जोडते आहे, आणि हे तुलाच आहे. तिचं बऱ्याच दिवसांत पत्र नाही, तेही सांगा.

वसुधा

*

जबलपूर
८ ऑक्टोबर १९६५

चि. वसुधा,

शेवटी तुला गणित पटलं! हेमलताला म्हटलं, बघ, शिकल्यासवरलेल्या बाईला आकडे दिले की ती भावनेच्या आहारी जात नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटतं हसत होती.

गाडी झाली. काय झाली आहे म्हणून सांगू! आम्ही कारखान्यात चाचणी घेतो तशी रीतसर घेतली. मागच्या सीटवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि भेडाघाटच्या सडकेवर चाळिशीने नेली. सीट ओली झाली नाही. हनीफने तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाला, “अब तो लिख दो पास.” मी बॉनेटवर खडूने लिहिलं. खंडेनवमीला पान्यांबरोबर गाडीचीही पूजा झाली. झेंडूचा हार अजून आहे.

मग हेमलताला बसवून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. तिने सीटवर हात फिरवला आणि म्हणाली, “इतकी चांगली काहून केली? आता जावंच लागेल.” थट्टा करायची तिची सवय गेलेली नाही. चांगलं लक्षण आहे.

रजा मिळाली. तीन दिवस. साहेबांना आता लढाईचं कारण राहिलं नाही, आणि दुसरं त्यांना चटकन सुचलं नाही. परवा पहाटे निघतो. पोचवून मी रेल्वेने परत येईन, गाडी तुझ्या अंगणात राहील. हेमलता बरी झाली की ती मात्र रेल्वेनेच येईल, खिडकीत बसून, गोंदियाला भजी खात. तोवर तिला धक्क्यांची पर्वा राहणार नाही.

मुरलीधर

*

नागपूर
११ नोव्हेंबर १९६५

भाऊजी,

तुम्ही गेल्यापासून पत्र लिहायला उशीर झाला. रोज दवाखाना, शाळा, दवाखाना. दिवाळीला ताईने एक अनारसा खाल्ला आणि पीठ जास्त आंबलं म्हणून मला बोलली.

किरण सुरू केले होते ते आता थांबवले आहेत. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. ताईचीही तीच इच्छा आहे. तुम्ही सवड काढून या. सवड नसेल तर न काढता या.

गाडी बरी आहे. दिवाकर रोज सकाळी सुरू करून बघतात आणि गल्लीतल्या लोकांना सांगतात, आवाज येतो का बघा.

वसुधा

*

जबलपूर
१५ नोव्हेंबर १९६५

चि. वसुधा,

तुझं पत्र मी कारखान्याच्या फाटकाशीच फोडलं आणि तिथेच दोनदा वाचलं. घरी न्या म्हणाले! अगं, हे तू चौथ्या ओळीत लिहितेस? ही काय अनारशानंतर लिहायची गोष्ट आहे?

आमच्याकडे माल फाटकाबाहेर जातो तो पास झाला तरच. डॉक्टरलोकही शेवटी तपासणी खात्यातलेच. किरण थांबवले म्हणजे काम झालं असणार; झालेल्या कामावर पुन्हा हात फिरवून कोणी बिघडवत नाही. हे मला हनीफनेही शिकवलं.

घर धुऊन घेतलं. पलंग खिडकीजवळ हलवला. शेजारच्या कुंदाला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. बायका आनंदालाही रडतात. साहेबांकडे रजा मागितली, पेढे घेऊनच गेलो. पेढा खाऊन त्यांनी सही केली.

रेल्वेने खिडकीत बसवून आणायचं ठरलं होतं, पण आता मोटार तिथे आहेच. एवढी चांगली केलेली गाडी, एकाच खेपेसाठी काहून वाया घालवायची? मी बावीस तारखेला पोचतो.

हेमलताला सांग, मी लोणच्याची बरणी उघडलेली नाही.

मुरलीधर

*

नागपूर
१८ नोव्हेंबर १९६५

भाऊजी,

मला वाटलं होतं तुम्ही आलात की समोर बसून सांगेन. पण तुम्ही पेढे वाटून येणार असाल तर मला लिहायलाच पाहिजे.

फाटकाबाहेर नापास मालही जातो. तो भंगारात जातो, एवढंच.

गाठ एका जागी राहिली नाही. किरण देऊन फक्त त्रास होईल म्हणाले, म्हणून थांबवले. घरी न्या म्हणाले ते यासाठी. किती दिवस, ते मी विचारलं नाही आणि तुम्हीही विचारू नका. ऑगस्टमध्ये आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणायला लागले तेव्हा मी उठून आले. उरलेलं वाक्य मी ऐकलेलं नाही आणि तुम्हाला लिहिणारही नाही.

दोष कोणाचा ते मला विचारू नका. तुमचा एकट्याचा नाही एवढंच सांगते, आणि याच्यापुढे एक शब्द सांगणार नाही.

ताईला सगळं माहीत आहे. तिने काल मला विचारलं, “यांना कोण सांगणार?” मी म्हटलं, मी. ती म्हणाली, “सावकाश सांग, त्यांना लवकर समजतं.” मला ते सावकाश जमलं नाही.

या. गादी वाळवून ठेवते.

वसुधा

*

जबलपूर
५ डिसेंबर १९६५

वसुधा,

तुझं कार्ड आलं. नागपूरहून सकाळी निघालेले तुम्ही जबलपूरला दुसऱ्या दिवशी का पोचलात, असं विचारलंस. पोचल्याच्या तारेत लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आता हेमलता झोपली आहे. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले की ती झोपते, आणि मला काही काम उरत नाही.

खवाशापर्यंत उत्तम आलो. तू मागे उशा रचून तिला बसती केली होतीस, ती तशीच होती. पुढे कुरईचा चढ लागला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दमली. पहिला टाकला. पहिल्यात दोन वळणं काढली आणि उभी राहिली. इंजिन चालू, पण चाकांपर्यंत जोरच पोचेना. क्लच जळल्याचा वास सुटला. गाडी मागे घसरायला लागली तेव्हा हँडब्रेक ओढून मी खाली उतरलो आणि चाकामागे दगड लावला.

तुला गणित येतं, तुला सांगायला नको. पहाडी डिफरन्शियल होतं तेव्हा हीच गाडी पचमढी चढत होती. मी तिचा डोंगर काढून घेतला होता. आमच्या कामात चाचणीच्या कागदावर लिहिलेलं असेल तेवढंच तपासायचं. जास्त तपासलं तर वरचे रागावतात. माझ्या कागदावर जबलपूर ते नागपूर असं होतं. तांब्याने घाट चढायचा नव्हता. साडूंनी घाटाचं विचारलं होतं. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि ते मुनसिपाल्टीवाले नाहीत, माणूस आहेत, हेही.

लाकडं भरलेला एक ट्रक मागून आला. सरदारजी उतरले, गाडीभोवती फिरले, आत बघितलं आणि आवाज खाली आणला. “बीमार हैं?” म्हटलं, हो. ओढून नेता येईल का विचारलं, तर म्हणाले, माझाच भार कसाबसा चढून राहिला आहे, दोघंही खाली जाऊ. मग जरा विचार करून म्हणाले, “उलटी चढ़ाओ, बाबूजी. रिवर्स का गियर पहले से भी तगड़ा होता है. धीरे जाएगी, पर जाएगी.”

बरोबर होतं ते. मागे जायच्या गिअरमध्ये गाडी सगळ्यात सावकाश चालते आणि सगळ्यात जास्त ओढते. वळणावर जागा होती तिथे तोंड फिरवलं. गाडीची पाठ घाटाकडे, तोंड नागपूरकडे. सरदारजींनी ट्रक उताराच्या बाजूला, म्हणजे आता आमच्या तोंडासमोर ठेवला, आणि त्यांचा माणूस चालत वळणं दाखवायला लागला. सगळी चढण आम्ही पाठमोरी चढलो.

उलटी गाडी हाकायची म्हणजे मान वळवून मागच्या काचेतून बघावं लागतं. मागच्या काचेच्या अलीकडे हेमलता. मी तिच्या कानाशेजारून सडक बघत होतो. ती माझ्या खांद्यावरून खाली नागपूरकडे जाणारी सडक बघत होती. एवढा वेळ इतक्या जवळून आम्ही समोरासमोर कधी बसलो नव्हतो. ती म्हणाली, “बघा आता, किती बघायचं ते.” मी म्हटलं, मी रस्ता बघून राहिलो.

थोड्या वेळाने म्हणाली, “ऐकता का, आपली गाडी आधी एवढी हलत नव्हती हो. मी उगीच म्हटलं होतं.”

सरदारजींचा माणूस तेव्हा हात हलवून थांबा म्हणत होता. वरून बस येत होती. मी म्हटलं, “आता बोलू नको, वळण आहे.”

वळण गेल्यावर ती पुन्हा बोलली नाही आणि मी विचारलं नाही. तुला हे माहीत होतं का? उत्तर पाठवू नकोस.

रेडिएटर तापायचा, थांबायचो, पुन्हा निघायचो. वर कुरईला पोचलो तेव्हा माझी मान सरळ होईना. सरदारजींनी तिच्याकडे बघून हात जोडले आणि ट्रक पुढे नेला. रात्र सिवनीच्या धर्मशाळेत काढली. पण ते नंतर. आधी वर पोचल्यावर मी तिला म्हटलं, “झाला घाट. आता गाडी सरळ करतो, तुला समोर बघता येईल.”

ती म्हणाली, “काहून? समोर काय ठेवलंय?”

गाडी सरळ केली. जबलपूरला उलटं जाता येत नाही. पुढचा रस्ता सपाट होता. सपाटीवर ही गाडी फार छान चालते, वसुधा. आतल्या माणसाचं कण्हणं स्वच्छ ऐकू येतं.

मुरलीधर